रिमॅप केलेल्या पोलोला कोणते टायर टाकू? सेमी-स्लिक घेऊ का?

प्रश्नात तुम्ही सगळं लिहिलंय, पोलो १.० टीएसआय, स्टेज वन रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग), रोज हिंजवडी आणि शनिवार-रविवार ताम्हिणी नाहीतर लोणावळा, फक्त पावसाळ्याचा उल्लेख कुठंच नाहीये, आणि माझ्या मते टायर कुठला घ्यायचा ते तिथंच ठरतं. मीपण रिमॅप केलेलीच पोलो चालवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेमी-स्लिक म्हणजे ट्रॅकवाले, जवळपास गुळगुळीत टायर, त्यांची कोरड्या, तापलेल्या रस्त्यावरची पकड भन्नाट असते, त्यात वादच नाही. पण त्याला खाचा कमी आणि त्यापण उथळ, म्हणजे टायरखालचं पाणी बाहेर जायला जागाच नाही, मग रस्त्यावर पाणी साचलेलं असलं की टायर त्यावर तरंगायला लागतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि त्या क्षणी इंजिनात किती बीएचपी आहेत याला काही अर्थ उरत नाही. शिवाय त्याचं रबर गरम झाल्याशिवाय नीट धरत नाही. जुलैत ताम्हिणीच्या धो धो पावसात ते गरम कधी होणार? वर झिजतो पटकन. आणि जून २०२० पासून टायर आयात करायला लायसन्स लागतं, त्यामुळे असले टायर आपल्याकडे सहज मिळतही नाहीत. कोणी 'स्टॉकमध्ये पडून होता' म्हणून स्वस्तात देत असेल तर साईडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) 'DOT' ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा, १४२१ लिहिलं असेल तर २०२१ च्या १४ व्या आठवड्यातला माल. आयएसआय मार्क आहे का तेपण बघून घ्या.

आता साईझ, कारण ब्रँडवरून लोक भांडतात पण खरा फरक इथं पडतो. तुमचा स्टॉक, म्हणजे कंपनीने दिलेला, १९५/५५ आर१६ आहे (रुंदी मिमीत, साईडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि रिम इंचात). १७ इंची अलॉय टाकून २१५/४५ केलं तर बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण साईडवॉल १०७ मिमीवरून ९७ वर येते. एक सेंटीमीटरने काय होतंय असं वाटेल, पण हिंजवडीच्या खड्ड्यात रिम वाकायला आणि टायरला फुगा यायला तेवढं पुरतं, त्यात गाडी आधीच खाली केलीये. वर मोठा अलॉय सहसा जडपण असतो, म्हणजे रिमॅपने जे कमावलं त्यातलं थोडं चाक फिरवण्यातच जातं. दिसायला भारी दिसतं हे मान्य, फोटोसाठी हवं असेल तर गोष्ट वेगळी.

मी १६ इंचावरच राहिलो असतो. २०५/५५ आर१६ बऱ्याच गाड्यांना असतो त्यामुळे चॉईस भरपूर, मात्र व्यास ११ मिमीने वाढतो म्हणजे मीटरवर १०० दिसत असताना गाडी आधीपेक्षा साधारण दोन किमी जास्त पळत असते, आणि लोअर केलेल्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा चार माणसं बसवून स्पीडब्रेकरवर घासतंय का ते आधी एक चाक लावून बघायलाच पाहिजे. घासत असेल तर गपचूप १९५/५५. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) स्टॉकपेक्षा कमी घेऊ नका (८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५), स्पीड रेटिंग, म्हणजे किती वेगापर्यंत चालतो ते अक्षर, तेपण नाही. आणि साईझ बदलली, रिमॅप केला, हे इन्शुरन्सवाल्यांना कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

टायरचं म्हणाल तर रिमॅपने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं फिरतात म्हणून लोक चिकट रबर शोधतात. स्टॉकलाच १७५ एनएम टॉर्क आहे, तो वाढवला की ओल्या रस्त्यावर कुठलाही टायर थोडा फिरणारच, तिथं उजवा पाय हलका ठेवणं हाच इलाज आहे. मी टायर ओल्यातलं ब्रेकिंग आणि वळणावर साईडवॉल किती वाकते यावरून निवडतो. रोजचा प्रवास जास्त आणि शांतता हवी असेल तर मिशलिन प्रायमसी ४ एसटी. स्टिअरिंगला टोकदार रिस्पॉन्स हवा आणि थोडा आवाज, थोडी जास्त झीज चालणार असेल तर पायलट स्पोर्ट ४ किंवा योकोहामा अॅडव्हान फ्लेवा, तुमच्या साईझमध्ये मिळत असतील तर. घाटात जायचं असल्यामुळे मी दुसऱ्या गटातलाच घेईन. ट्रेडवेअरच्या (टायर किती हळू झिजतो त्याच्या) आकड्यावर फार जाऊ नका, ट्रॅकवाले टायर २०० च्या आसपास असतात एवढं लक्षात ठेवलं तरी बास, कारण तो आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते, दोन वेगळ्या ब्रँडचे आकडे समोरासमोर ठेवून काही कळत नाही. ट्रॅक्शन ग्रेड, म्हणजे पकडीची श्रेणीपण फक्त ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारून काढतात, वळणाचं त्यात काहीच नसतं.

टायर टाकायच्या आधी, नंतर नाही, आत्ताच्या टायरची आतली कड हात लावून बघा. लोअरिंग स्प्रिंगने कॅम्बर (समोरून बघता चाकाचा तिरकेपणा) आणि टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) दोन्ही हलतात, आतली बाजू गोटा आणि बाहेरची नव्यासारखी असेल तर तुमचे नवे टायरपण तसेच जाणार. टायर टो जास्त खातो, म्हणून अलाइनमेंटवाल्याकडून तोच आधी सेट करून घ्या, प्रिंटआउट मागा.

बजेटमुळे दोनच घेणार असाल तर नवे मागे टाका. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, पॉवर पुढे आहे, दुकानदार पुढे टाका म्हणेल, ऐकू नका. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय सोडला की बहुतेक वेळा सावरते, मागची सुटली तर पावसात घाटात गाडी गर्रकन फिरते. फक्त पुढच्या जुन्यांच्या खाचांची खोली १.६ मिमीच्या जवळ आलेली नको, तसं असेल तर चारही बदला.

हवा गार टायरमध्येच तपासा, फ्युएल लिडच्या आतला आकडा धरून. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागितले तर नाही म्हणा, साध्या हवेतच ७८ टक्के तोच आहे. आणि नवे टायर टाकल्यावर पहिले दोन-तीनशे किमी जरा सांभाळून, वरचा मोल्डचा गुळगुळीत थर जाईपर्यंत ते नीट धरत नाहीत, तेव्हा त्याच शनिवारी ताम्हिणी नको.