लहान ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांचा पाळक (धर्मगुरू) म्हणून पहिल्या वर्षी काय करावे?

धर्मशास्त्राचे शिक्षण नुकतेच संपवून नाशिक जिल्ह्यातील चार खेड्यांच्या मंडळ्या एकट्याने सांभाळायच्या आहेत, तर सुरुवात कशी करावी, असे आपण विचारले आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील अशाच तीन मंडळ्यांत मी अकरा वर्षे सेवा केली. त्या अनुभवावरून माझे ठाम मत आहे की, पहिले वर्ष घरभेटींना द्यावे आणि नव्या समित्या, नवे उपक्रम, उपासनेच्या क्रमातील बदल हे सारे पुढे ढकलावे.

मी नेमके उलट केले होते. रुजू होताच ऑक्टोबरमध्ये तीन संध्याकाळच्या प्रार्थनासभा ठरवल्या, पत्रके छापली, आणि पहिल्या दिवशी चौघेच आले. द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, ऐन भरात होती. आमची बहुतेक कुटुंबे उजाडल्यापासून बागांत मजुरीला जात होती आणि रात्री त्यांच्या अंगात त्राण उरत नव्हते. आलेल्यांपैकी एक आजी म्हणाल्या, "पाळकसाहेब, आधी इचारलं असतं तर आम्हीच तारीख सांगितली असती." तेव्हापासून मी दिनदर्शिकेत आधी छाटणी आणि कांद्याची लागण लिहितो, मग सभा. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ तर बहुधा द्राक्षकाढणीतच येतो, त्यामुळे त्या दिवसांत प्रार्थना रात्री जेवणानंतर कोणाच्या तरी अंगणात घेणे बरे.

मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, पेटीतील जुन्या नोंदवह्या शांतपणे वाचून काढा. बाप्तिस्म्याच्या वहीत एका गृहस्थांचे नाव होते, पण रविवारी ते कधीच दिसत नसत. मी घरी गेलो तेव्हा त्यांनी गोणपाट अंथरून मला बसवले, चहा दिला आणि बऱ्याच वेळाने सांगितले की, पत्नीच्या दफनाच्या दिवशी तेव्हाचे पाळक दुसऱ्या गावी होते. लोकांनी दोन तास वाट पाहिली आणि शेवटी प्रार्थनेविनाच माती दिली. चार गावे सांभाळताना असा दिवस आपल्यावरही येईल. म्हणून पहिल्या सहा महिन्यांतच प्रत्येक गावातील एक पुरुष आणि एक स्त्री निवडून, उपासनापुस्तिकेतील दफनविधी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा, पुन्हा पुन्हा वाचून घ्यावा, म्हणजे ऐनवेळी त्यांचा आवाज कापणार नाही.

उपदेशाची भाषा घरभेटींतूनच मिळते. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, म्हणून अक्षरओळख नसलेल्या आजींनाही त्यांची पदे तोंडपाठ असतात. ती टाळ-पेटीवर म्हणू द्यावीत.

विवाहाचे मात्र आधीच पाहून ठेवा. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली विवाह लावण्याचा अधिकार आपल्याला मिळाला आहे का, याची वरिष्ठांकडे खात्री करून घ्या. त्या कायद्यात विवाहाची वेळ सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते सायंकाळी ७ अशी ठरवलेली आहे आणि खेड्यातील वऱ्हाड उशिराच येते, तेव्हा मुहूर्त दुपारचा धरावा.