तंबू ठोकण्यापूर्वी : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड या खेड तालुक्यातील तीन गडांच्या भटकंतीविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर जागा, तंबू, पाणी आणि साप यांविषयी विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत.

परदेशातील चित्रफितींत डोंगरात वीज-पाणी नसलेल्या सरकारी तळजागा दिसतात. थोडे शुल्क भरून तेथे स्वतःचा तंबू ठोकता येतो. कोकणात अशा जागा कोठे आहेत? — एक वाचक, चिपळूण

अमेरिकेच्या वनविभागाकडे अशा तळजागा आहेत. तेथे बहुधा एक मेज, लोखंडी कडे बसवलेली चूल आणि खड्ड्याचा संडास एवढेच असते. पाणी आपले आपण न्यायचे आणि शुल्क पाकिटात घालून पेटीत टाकायचे, अशी पुष्कळ ठिकाणी रीत आहे. आखलेल्या तळाबाहेरही त्या जंगलांत बऱ्याच भागांत, साधारणपणे १४ दिवसांच्या मर्यादेत, मुक्काम करता येतो. हे तेथे जमते, कारण ती अफाट जमीन एकाच मालकाची, म्हणजे सरकारची आहे.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडे असून आपल्याला दिसणारे बहुतेक रान खासगी मालकीचे आहे, आणि त्यातही एकेका सातबाऱ्यावर दहा-वीस नावे असतात, ज्यांतील निम्मी माणसे मुंबईला. त्यामुळे परवानगी कोणाची घ्यावी हा प्रश्न खरोखर अवघड असतो. माझा अनुभव असा की सर्वांत जवळच्या वाडीत दिवसाउजेडी जावे, पोलीसपाटलांना किंवा वाडीतील एखाद्या जाणत्या माणसाला भेटावे, किती माणसे व किती रात्री हे सांगावे आणि जागा त्यांनाच सुचवू द्यावी. बहुतेक वेळा ते आपण नकाशावर हेरलेल्या जागेपेक्षा चांगली जागा दाखवतात, कारण गुरे कोठून उतरतात आणि डुकरे कोठे उकरतात हे त्यांना ठाऊक असते.

अभयारण्यात मात्र वाडीची परवानगी चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवान्याशिवाय अभयारण्यात प्रवेशच करता येत नाही, मग मुक्काम दूरच. कोकणातून घाटवाटांनी वर चढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे : कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि काही वाटांनी माथ्यावर पाऊल टाकताच आपण त्याच्या हद्दीत असतो. संध्याकाळी दमूनभागून माथ्यावर पोहोचल्यावर ‘येथेच पडू’ असा विचार करणे म्हणजे गुन्हा ओढवून घेणे होय. ज्यांना कायदेशीर मार्गाने रानाजवळ रात्र काढायची आहे त्यांनी रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यापासून सुरुवात करावी. पूर्वी हे मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते; १९८६ साली ते अभयारण्य झाले. तेथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, आणि नशीब असेल तर सकाळी शेकरूही दिसते. निवासाची चौकशी वनखात्याकडे आधी करावी.

राहिली देवराई, जिला आपल्याकडे देवरहाटी म्हणतात. सावली, सपाट जागा, शेजारी पाणी, अशी तंबूला हवी तशी सारी सोय तेथे असते, आणि तरीही तेथे तंबू ठोकू नये. गुरवाने किंवा गावकारांनी आपणहून सांगितले तरच देवळाच्या आवारात पथारी पसरावी.

आम्ही राजापूरजवळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मुक्काम केला. खुंट्या जमिनीत जात नव्हत्या, आणि पाऊस नसताना सकाळी तंबू आतून ओला होता. तंबू गळका आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

तंबू बहुधा ठीक आहे. सड्यावरील कातळ म्हणजे जांभा. त्यात बारीक ॲल्युमिनियमची खुंटी वाकेल, पण शिरणार नाही. अशा जागी स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू घ्यावा. दोरीच्या फासात खुंटी किंवा हाताएवढी काठी आडवी घालून ती जमिनीवर ठेवावी, त्या काठीपुढे तंबूच्या बाजूस एक मोठा दगड टेकवावा आणि वर दुसरा ठेवावा. दोरी नुसती दगडाला गुंडाळली तर जांभ्याच्या खरखरीत कडांवर घासून ती रात्रीत तुटते, आणि सड्यावर वाऱ्याला अडवणारे काही नसल्याने पुढचे सांगायला नको.

दगड उचलण्यापूर्वी तो काठीने उलटावा, कारण त्याखाली विंचू किंवा फुरसे असणे ही कोकणात नवलाची गोष्ट नाही. गडग्याचा दगड काढू नये. तो कोणाच्या तरी बागेचा बांध आहे. आणि तंबू उभारण्याआधी पायाखालचा कातळ नीट न्याहाळावा. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे अशा ठिकाणची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली असली, तरी सड्यावर गवताआड दडलेल्या रेषा अजूनही ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांवरून दगड ओढणे किंवा जाळ करणे यांमुळे होणारी हानी भरून निघत नाही.

आता ओलाव्याविषयी. हिवाळ्यात निरभ्र रात्री उघड्या सड्यावर तंबूचे बाहेरचे कापड आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. समुद्रावरून येणारी दमट हवा आणि आत झोपलेल्यांच्या श्वासातील वाफ त्या कापडाला लागली की तिचे पाणी होते. ज्याने गवतावर दहिवर पडते, त्यानेच हे घडते. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेनी बंद केल्या तर पाणी वाढते. दोन्ही बाजूंच्या झडपा अर्ध्या उघड्या ठेवाव्यात, मात्र आतील जाळी पूर्ण बंद असावी. बाहेरचे कापड ताणून आतल्या कापडापासून सुटे ठेवावे. ओले मोजे आत आणू नयेत. तंबूखाली अंथरलेले प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा मोठे असेल तर बाहेर ओघळलेले दहिवर त्यावरून थेट आपल्या पाठीखाली येते, म्हणून त्याच्या कडा आत मुडपाव्यात.

झाडाखाली दहिवर कमी पडते हे खरे, पण वर वाळलेल्या फांद्या नाहीत हे पाहून झाड निवडावे. माडाखाली तंबू ठोकलेला एक गट मी पाहिला आहे. रात्री फक्त एक झाप पडले, नारळ नाही, हे त्यांचे दैव. परत निघताना तंबू उन्हात वाळवूनच गुंडाळावा. कोकणातल्या कपाटात ओला तंबू आठ दिवसांत बुरशीने काळा पडतो.

शेकोटीशिवाय मुक्कामाला मजा काय? दगडांच्या मध्ये छोटी पेटवली तर काय बिघडते? — एक वाचक, दापोली

तंबूची मंडळी येतात ते दिवस, म्हणजे पौष-माघापासून पुढे, गवत वाळून कोळ झालेले असते आणि आंबा-काजूला मोहोर असतो. सड्यावरचा वारा एक ठिणगी उचलून बागेत नेऊन टाकतो, आणि वणव्यात होरपळलेली कलमे पुन्हा उभी करायला शेतकऱ्याला कैक वर्षे लागतात. भाजावळ करणारा शेतकरीसुद्धा आधी भोवतालचे गवत साफ करतो आणि वाऱ्याचा अंदाज घेतो. आपण तेवढेही करत नाही. राखीव वनात जाळ करणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात आग लावण्यास १९७२ च्या अधिनियमाचे कलम ३० मनाई करते.

स्वयंपाक लहान गॅसच्या शेगडीवर, वाऱ्याला आडोसा करून, तंबूबाहेर करावा. तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे कधीही नेऊ नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. शेकोटीची फारच हौस असेल तर वाडीत कोणाच्या तरी खळ्यात, घरच्यांना विचारून, पेटवावी. गप्पाही तेथेच चांगल्या होतात.

माकडतापाच्या बातम्या वाचून आमच्या घरचे रानात जाऊ देत नाहीत. ही भीती कितपत खरी आहे? साप-विंचवांचे काय? — एक वाचक, सावंतवाडी

घरच्यांची भीती निराधार नाही. हा आजार प्रथम १९५७ साली कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, आणि २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गात, प्रथम दोडामार्ग व नंतर सावंतवाडी तालुक्यात, त्याचे रुग्ण आढळले. विषाणूची लागण झालेली गोचीड चावल्याने तो माणसाला होतो. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत त्याचा जोर असतो, म्हणजे नेमका तंबूचा हंगाम. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही, पण त्यावर खास असे औषधही नाही. रुग्णालयात वेळेवर पोहोचणे आणि योग्य शुश्रूषा मिळणे यांवरच सारे अवलंबून असते.

म्हणून त्या दोन तालुक्यांत जायचे असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी, आणि जेथे माकडे मेलेली आढळली असतील तो परिसर सरळ वगळावा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. पालापाचोळ्यावर बसू किंवा लोळू नये, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, उघड्या त्वचेला कीटकरोधक मलम लावावे आणि संध्याकाळी एकमेकांची मान, काखा, कानामागची जागा तपासावी; गोचिडीची पिले तिळापेक्षाही लहान असतात. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिला काडीने चटका देणे किंवा तेल लावणे हे जुने उपाय करू नयेत. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यातून काढावेत, आणि पुढील दहा-बारा दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून येणे सुरू झाले तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

विंचवाच्या बाबतीत कोकणाने जगाला शिकवले आहे. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणारा परिणाम आणि त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग यांविषयी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेले काम सर्वत्र मानले जाते. म्हणून दंशानंतर मंत्रतंत्रात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. रात्री बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नये.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर आपल्याकडे प्रतिविष मिळते. त्यांपैकी मण्यार रात्री फिरते, आणि तिच्या दंशाच्या वेदना इतक्या कमी असतात की झोपलेल्याला जागही येत नाही; उघड्यावर झोपण्यापेक्षा जाळी बंद केलेल्या तंबूत झोपावे, असे मी सांगतो त्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नये; हातपाय स्थिर ठेवून १०८ क्रमांकाला फोन करावा. जेथे फोनला रेंज नसते तेथे ती सर्वांत जवळ कोठे मिळते, हे अंधार पडण्यापूर्वी पाहून ठेवावे.

चार कुटुंबे, मुलांसह, फेब्रुवारीत दोन रात्री जाणार आहोत. पाणी आणि शौच यांची व्यवस्था कशी करावी? — एक वाचक, पनवेल

पिणे आणि स्वयंपाक धरून माणशी रोज चार लिटर पाणी लागते. नकाशावर निळी रेघ आहे म्हणून विसंबू नये. फेब्रुवारीपर्यंत कितीतरी पऱ्हे कोरडे पडतात. वाहत्या झऱ्याचे पाणीही गाळून, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवून मगच प्यावे. तंबू पाणवठ्यापासून किमान ६० मीटर दूर असावा, नाहीतर रात्री पाण्यावर येणारी जनावरे आपल्यामुळे तहानलेली परत जातात. वाडीच्या विहिरीचे पाणी विचारून, पिण्यापुरतेच घ्यावे. धो धो पावसाच्या या मुलखात उन्हाळा लागला की डोंगरावरच्या धनगरवाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तेथे जाऊन बादल्या भरभरून आंघोळी करणाऱ्या मंडळींविषयी मला काही लिहवत नाही.

शौचासाठी पाण्यापासून आणि तंबूपासून तितक्याच अंतरावर वीतभर खोल खड्डा खणून तो मातीने बुजवावा. सड्यावर हे जमत नाही, कारण कातळावर माती बोटभरच असते; तेव्हा उतारावर खाली, माती असेल तेथे जावे. मुलांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड पुरू नयेत, कोल्ही-कुत्री उकरतात. ते दुहेरी पिशवीत घालून परत आणावेत. खुरपे मुलांच्या हाती द्यावे, हे काम ती मोठ्यांपेक्षा आनंदाने करतात.

पावसाळ्यात तंबू घेऊन जावे का? — एक वाचक, कणकवली

जाऊ नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी ही नांदती गावे दरडीखाली गेली; डोंगराच्या कुशीत तंबूला तेथे काय आधार? आंबोलीचा पाऊस अनुभवायचाच असेल तर तंबू घरी ठेवावा आणि गावात कोणाच्या पडवीत चटईपुरती जागा मागावी. किती माणसे आहोत ते आधी कळवावे, आणि जेवणाचे पैसे विचारण्याची वेळ घरधन्यावर येऊ देऊ नये.