सोलापुरातला पहिला उन्हाळा, दोघांनी करायचं काय? (उत्तर लांबलंय, निवांत वाच)

तू लिहिलंयस की लग्नाला आठ महिने झाले, ह्यांची बदली झाली म्हणून नाशिकहून सोलापुरात आलात, पारा 43 ला टेकलाय, ओळखीचं कुणी नाही, रविवारी दोघं दोन खोल्यांत मोबाईल घेऊन पडून असता, आणि आता विचार चाललाय की पन्नास हजार घालून आठ दिवस महाबळेश्वरला जावं की इथंच काही करण्यासारखं आहे. वाचलं आणि राहवलं नाही बघ. मी साताऱ्याची, लग्न होऊन इथं आले त्याला 24 उन्हाळे झाले, पहिला उन्हाळा अगदी तुझ्यासारखाच गेला होता, रडूनसुद्धा झालं होतं.

महाबळेश्वरला जायचं तर खुशाल जा. पण आठ दिवसांनी परत इथंच यायचंय, आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे बाकीचे दिवस इथंच काढायचेत. म्हणून आधी इथलं बघा.

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ बदला. तुमचं अजून नाशिकचं घड्याळ चालू आहे. रविवारी नऊला उठायचं, चहा-नाष्टा अकरापर्यंत, मग 'कुठंतरी जाऊया का' म्हणायचं, तोपर्यंत बाहेर डांबर मऊ झालेलं असतं, मग चिडचिड, मग मोबाईल. इथं उन्हाळ्यात दिवस दोन तुकड्यांत जगायचा असतो, पहाटे पाच ते साडेआठ आणि संध्याकाळी सातच्या पुढं रात्री बारापर्यंत. मधली दुपार घराची. एवढं एक जमलं की अर्धा प्रश्न सुटतो, खरंच सांगते.

आम्हाला हे कळायला एक वाईट अनुभव यावा लागला. पहिल्याच मे महिन्यात विजापूरला निघालो, शंभरेक किलोमीटर, मोटारसायकलवर, आणि निघालो सकाळी दहाला! गोलघुमटाला पोचलो तेव्हा एक वाजून गेलेला. वर चढायच्या जिन्यात ह्यांना चक्कर आली, उलटी झाली, हातपाय गार. मी 23 वर्षांची, अनोळखी गाव, भाषा कानडी, काय करावं सुचेना. खाली झाडाखाली एक काकडी विकणारे आजोबा होते, त्यांनी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून घोटघोट पाजलं आणि ओला पंचा डोक्यावर ठेवला. चार वाजेपर्यंत तिथंच बसून होतो. गोलघुमट बघायचा राहिलाच.

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात परत गेलो, पण पहाटे अंधारात निघून, दार उघडायच्या वेळेला हजर. वर घुमटाच्या आतल्या गोल सज्जात आम्ही दोघं आणि एक कबुतर. हे पार समोरच्या बाजूला गेले, मधे एवढं मोठं अंतर (घुमटाचा बाहेरून व्यास 44 मीटरच्या आसपास आहे, बांधकाम 1656 चं), आणि भिंतीला तोंड लावून अगदी हळू विचारलं, 'पाय दुखायलेत का गं?' शेजारी उभं राहून बोलल्यासारखं ऐकू आलं मला. तासाभरात सहलीला आलेल्यांची गर्दी होते आणि मग नुसता कल्ला, आपला आवाज आपल्याला कळत नाही. नऊला खाली उतरलो, इडली खाल्ली, बाराच्या आत सोलापुरात. एकच ठिकाण, एकच महिना, फरक फक्त वेळेचा होता.

आता दुपारचं. तुमच्याकडं एसी नाही लिहिलंयस, मग कूलर घ्या आणि खिडकी उघडी ठेवून लावा. पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात कूलरने काय होतंय, पण इथली मे महिन्याची हवा कोरडी असते त्यामुळं पाणी भराभर उडतं आणि हवा खरंच गार होते. खिडक्या बंद केल्या की मात्र दमट होऊन जीव नको होतो. बाहेरगावचे लोक नेमकी हीच चूक करतात. आणि पाण्याचं तुला एव्हाना कळलंच असेल, चार-पाच दिवसांनी नळ येतो, त्या दिवशी कुठलाही बेत ठेवायचा नाही, टाकी, पिंपं, कूलर सगळं भरून ठेवायचं. आम्ही पाण्याचा दिवस हाच स्वयंपाकघराचा दिवस करून टाकलाय. दोघं घरात अडकलेलेच असतो, तर मग त्या दिवशी चटणी कुटायची.

शेंगाची चटणी तू विकत आणली असशील, चांगलीच मिळते इथं. पण एकदा दोघं मिळून घरी करा. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं पाखडून काढायची, मग उखळात नाहीतर दगडी खलबत्त्यात आधी लसूण-जिरं-मीठ, मग लाल तिखट, मग मूठमूठ शेंगदाणे. मिक्सरला लावू नको, त्यात दाण्याचा भुगा होतो, चटणी होत नाही. कुटता कुटता एक क्षण येतो, आवाज बदलतो, ठकठक जाऊन चपचप यायला लागतं, दाण्याचं तेल सुटून चटणी बत्त्याला चिकटते आणि तिचे चपटे खडे पडायला लागतात. तिथंच थांबायचं. हे काम आमच्या घरात ह्यांचं आहे, मी नुसती शेजारी बसून लसूण सोलते, आणि गंमत अशी की बाकी वर्षभर न बोललेलं सगळं त्या तासाभरात बोलून होतं, समोर टीव्ही नाही, हात गुंतलेले, मग माणूस आपोआप बोलतो. सोबत कडक भाकरी आणि कवडीचं दही. कडक भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ आणि खुटखुटीत, कितीतरी दिवस टिकते त्यामुळं उन्हाळ्यात रोज चुलीपुढं उभं राहावं लागत नाही. ज्वारी मिळाली तर मंगळवेढ्याची मालदांडी बघ. शिवाय आंबील करत जा, ज्वारीचं पीठ ताकात रात्री भिजवून सकाळी शिजवायचं, गार झाल्यावर परत ताक, मीठ, जिरेपूड. सकाळी एक भांडं पिऊन निघालं की ऊन बाधत नाही असं सासूबाई म्हणायच्या, माझा तरी तोच अनुभव आहे. संध्याकाळी कधी चुरमुऱ्याचा सुशीला, कधी रसवंतीवर आलं-लिंबू घातलेला रस. बाहेर खायला खूप आहे, सात रस्ता, पार्क चौक, सांगायलाच नको, तुम्ही फिरता फिरता शोधालच.

दुपार काढायची दुसरी जागा म्हणजे टॉकीज. भागवतची टॉकीज एकाच आवारात चार-पाच आहेत, सोलापूरच्या दोन पिढ्या तिथं वाढल्या. बारा ते तीनचा खेळ धरा, भर उन्हातले तीन तास गारव्यात जातात. एक सांगते, सोलापुरात आलाच आहात तर एक तेलुगू पिक्चर थिएटरात बघाच, कळो न कळो. पूर्व भागात पद्मशाली समाज मोठा आहे, मागाच्या कामासाठी पिढ्यान्पिढ्या आलेली माणसं, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि हिरोची एन्ट्री झाली की थिएटरात जो जल्लोष होतो तो टीव्हीवर कुठला कळणार! मला आमच्या शेजारच्या वहिनींनी पहिल्यांदा नेलं. 'काय करलालीस गं घरात एकटी, चल की' म्हणाल्या आणि हाताला धरूनच नेलं. त्यांच्याकडून मी तेलुगू शिकले, रोज दुपारी पाच शब्द, वहीत लिहून. आज मी बाजारात तेलुगूत भाव करते. हासुद्धा छंदच आहे, आणि फुकट आहे. तुझ्या शेजारी तेलुगू किंवा कानडी घर नक्की असेल, जाऊन विचार, कुणी नाही म्हणणार नाही. 'सैराट' आला तो 29 एप्रिल 2016 ला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, आणि नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे, करमाळा तालुका. आपली भाषा, आपली उसाची रानं पडद्यावर बघून माणसं दोन-दोन, तीन-तीनदा गेली होती, आम्हीपण दोनदा. नाटकं हुतात्मा स्मृती मंदिरात लागतात, बोर्डावर लक्ष ठेव. आणि वाचनाची आवड असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासद व्हा.

आता रात्र. गच्चीची किल्ली घरमालकांकडं मागून घे, आजच. गच्चीवर संध्याकाळी दोन बादल्या वापरलेलं पाणी शिंपडायचं (तांदूळ-भाजी धुतलेलं, चांगलं पाणी नको), नऊपर्यंत फरशी निवते, मग गाद्या घालायच्या. इथला वारा रात्री सुटतो. आणि आकाश! मे महिन्यात ढग नसतात बहुतेक, उत्तरेला सप्तर्षी, त्याच्या शेपटीच्या वळणानं खाली आलं की तांबूस स्वाती, अजून खाली पांढरी चित्रा. आणि मेच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेला अगदी क्षितिजाजवळ त्रिशंकू दिसतो, चार ताऱ्यांचा छोटा पतंग. तो जितकं दक्षिणेला जाल तितका वर दिसतो, नाशिकपेक्षा इथून जास्त वर आहे. समोर उंच बिल्डिंग नसलेली गच्ची हवी फक्त. ह्यांनी मला तो पहिल्यांदा दाखवला ते वर्ष मला पक्कं आठवतं, थोरली पोटात होती.

आणि एक गोष्ट ह्या वर्षी चुकवू नका. 10 मेच्या आसपास सोलापुरात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते, शून्य सावलीचा दिवस. वर्षातून दोनदा येतो पण दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा ढग असतात, म्हणून मेचाच धरायचा. वेळ साधारण 12 वाजून 23 मिनिटं, कारण आपलं घड्याळ चालतं त्या रेषेच्या (भारताच्या प्रमाणवेळेच्या) आपण पश्चिमेला आहोत, त्यामुळं आपला खरा मध्यान्ह बाराला नसतो. बाराला पाच असताना गच्चीत सपाट जागी स्टीलचा उभा पेला उपडा ठेवायचा. त्याची सावली आक्रसत येते, नखाएवढी होते, दोऱ्याएवढी, आणि मग नाहीच, पेला नुसता ठेवल्यासारखा दिसतो, चित्रातून कापून आणल्यासारखा. दोन-तीन मिनिटं. मग पलीकडच्या बाजूनं दोरा परत उगवतो. डोक्यावर ओला पंचा घ्या, पायात चप्पल, बघून झालं की लगेच खाली. आम्ही दरवर्षी करतो, आता मुली शिकायला बाहेर आहेत तरी आम्ही दोघंच करतो आणि फोटो त्यांना पाठवतो.

फिरण्याचं म्हणशील तर पहाटेचं फिरणं कंबर तलावाला, नाहीतर सिद्धेश्वर मंदिरात पाण्यामधल्या वाटेनं, शेजारीच भुईकोट किल्ला. ह्यांना पक्ष्यांचा नाद लागला तो कंबर तलावावरच, जुनी दुर्बीण आणि एक वही, बास. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्ष्यासाठी म्हणून लोक जातात, पण माळढोक दिसणं आता जवळजवळ नाहीच, काळवीट मात्र सकाळच्या उन्हात कळपानं दिसतात आणि ते गवताचं माळरान मला स्वतःला फार आवडतं. नळदुर्गला धबधब्यासाठी मेमध्ये जाऊ नका, तिथले नर-मादी हे दोन धबधबे पावसाळ्यातच वाहतात.

पण एकच ठिकाण निवडायचं असेल तर हत्तरसंग कुडल. चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम, पलीकडं कर्नाटक. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी लेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला, गावोगाव फिरून शिलालेख वाचणारा माणूस. त्यात शेवटी लिहिलंय, 'वाछि तो विजेया होईवा', वाचेल तो विजयी होईल. मान वर करून बघावं लागतं, बॅटरी न्या, अक्षरं तिरप्या उजेडातच उठून दिसतात. एक जण बॅटरी धरतो, दुसरा वाचतो, मग उलटं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या भाषेत आपल्यासाठीच लिहून ठेवलंय हे तिथं उभं राहिल्यावर अंगावर येतं, माझे डोळे भरून आले होते. शेजारच्या देवळात बहुमुखी शिवलिंग आहे, 359 मुखं कोरलेली. साडेपाचला निघा, सोबत धपाटे आणि दही घ्या, नदीकाठी बसून खा, साडेनऊला घरी.

उजनीचं पाणी फार उतरलं की पुण्याच्या रस्त्यावर पळसदेवचं जुनं देऊळ धरणातून वर येतं, एरवी पाण्याखाली असतं. दरवर्षी नाही, त्यामुळं तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारूनच निघायचं.

शेवटचं म्हणजे तू लिहिलंयस की तुझ्या ह्यांना कशाचीच आवड नाही. तसं नसतं गं, आठ महिन्यांत कळत नाही एवढंच. आमच्या ह्यांना पण पहिली दोन वर्षं काहीच आवडायचं नाही असं मला वाटायचं, आणि सगळं सगळं दोघांनी एकत्रच केलं पाहिजे असंही नाही, मी तेलुगू शिकते तेव्हा हे झोपलेले असतात, हे पहाटे पक्षी बघतात तेव्हा मी कट्ट्यावर बसून चहा पिते. तू आधी गच्चीची किल्ली आण आणि 10 मे कॅलेंडरवर लिहून ठेव. त्या दिवशी पाणी येणार असेल तर आदल्या रात्रीच भांडी घासून ठेव म्हणजे बाराला मोकळी होशील. आणि पेला उभ्या भिंतीचा घे, वर रुंद होत जाणारा नको, त्याची सावली नीट कळत नाही.