वाचकांचे प्रश्न : पकडलेलं डीएनएस वाचायचं कसं?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या लॅबमधले ४० संगणक दुपारी रखडतात. टीसीपीडम्प या नेटवर्कवरची पॅकेटं पकडणाऱ्या कमांडने १० मिनिटांची डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची) वाहतूक पकडली. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती चिन्हं दिसतात आणि फाइलमधली वाचता येणारी अक्षरं दाखवणाऱ्या 'स्ट्रिंग्ज' कमांडने नावं तुटक येतात. फाइल खराब झाली का?
– लॅब सहायक, अमळनेर

उत्तर : फाइल ठीक आहे. डीएनएसच्या पॅकेटमध्ये नाव आपण लिहितो तसं नसतंच, त्यात ठिपके नसतात. 'एक्झाम्पल डॉट कॉम' जातं ते असं : ७ हा आकडा, मग सात अक्षरं, ३ हा आकडा, मग तीन अक्षरं, शेवटी ०. उत्तरात तेच नाव पुन्हा आलं तर दोन बाइटांची खूण टाकून आधीच्या जागेकडे बोट दाखवलं जातं. १९८७ च्या आरएफसी १०३५ या इंटरनेटच्या नियमपत्रात हीच रीत दिली आहे. 'स्ट्रिंग्ज'ला ती कळत नाही, म्हणून नावं तुटतात.

आधी टीसीपीडम्पनेच फाइल वाचा : हायफन एन, हायफन आर, फाइलचं नाव. हायफन एन गाळू नका. ते नसलं तर टीसीपीडम्प प्रत्येक आयपी पत्त्याचं नाव स्वतःच डीएनएसला विचारत बसतो. वाचन रेंगाळतं, आणि थेट पकडताना हेच प्रश्न तुमच्या फाइलमध्ये मिसळतात.

पत्त्यांपुढे '४३२१+ ए? एक्झाम्पल डॉट कॉम. (२९)' अशी ओळ दिसेल. ४३२१ हा प्रश्नाचा क्रमांक. 'ए?' म्हणजे नावाचा आयपी पत्ता विचारला आहे. उत्तर त्याच क्रमांकाने परत येतं, जोडी त्यावरून आणि पोर्टवरून (पॅकेट कोणत्या सेवेचं किंवा प्रोग्रामचं ते सांगणाऱ्या क्रमांकावरून) लावायची. अधिक चिन्ह म्हणजे 'शेवटपर्यंत शोधून सांग' ही विनंती. २९ बाइट मोजून पाहा : हेडरचे १२, नावाचे १३, प्रश्नाचा प्रकार आणि वर्ग मिळून ४. एकदा हा हिशेब हाताने केला की पॅकेटची भीती कायमची जाते.

रखडण्याचं कारण शोधायला मात्र टीशार्क (पॅकेटमधली माहिती रकान्यांत काढून देणारी कमांड) घ्या. हायफन आर आणि फाइल, हायफन कॅपिटल वाय देऊन फक्त उत्तरांचा फिल्टर, हायफन कॅपिटल टी फील्ड्स, आणि प्रत्येक रकान्यामागे हायफन ई : आयपी डॉट डीएसटी, डीएनएस डॉट क्यूआरवाय डॉट नेम, डीएनएस डॉट फ्लॅग्ज डॉट आरकोड, डीएनएस डॉट टाइम. उत्तराच्या पॅकेटमध्ये लॅबचा संगणक डीएसटीत (पॅकेट जिथे जातं तो पत्ता) असतो, एसआरसीत (जिथून निघतं तो पत्ता) सर्व्हर. इथे हमखास गल्लत होते. आरकोड म्हणजे उत्तराचा निकाल : ० ठीक, ३ म्हणजे असं नावच नाही, २ म्हणजे सर्व्हरला उत्तर काढता आलं नाही. टाइमचा आकडा, म्हणजे उत्तराला लागलेला वेळ, सेकंदांत असतो.

पण ज्या प्रश्नांना उत्तरच आलं नाही ते या यादीत येणार नाहीत, आणि लॅब बहुधा त्यांच्यापायीच थांबलेली असते. त्यांच्यासाठी हायफन २ देऊन फाइल दोनदा वाचायला लावा आणि ज्यांना 'डीएनएस डॉट रिस्पॉन्स अंडरस्कोर इन' नाही असे प्रश्न वेगळे काढा. हायफन २ शिवाय टीशार्कला पुढे उत्तर येणार आहे हे कळत नाही, आणि सगळेच प्रश्न अनुत्तरित दिसतात.

प्रश्न : आमचं केबल इंटरनेट आहे. टीसीपीडम्पला डीएनएसच्या पोर्टचा 'पोर्ट ५३' फिल्टर लावला की एकही ओळ येत नाही. ग्राहकांचं इंटरनेट तर चालू आहे.
– केबल व्यावसायिक, शिरपूर

उत्तर : पॅकेटवर व्हीलॅनचा (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं राखण्याच्या पद्धतीचा) टॅग असेल तर साधा फिल्टर ते ओळखत नाही. 'पोर्ट ५३ ऑर (व्हीलॅन अँड पोर्ट ५३)' लिहा, याच क्रमाने. 'व्हीलॅन' शब्द आला की त्यापुढचं सगळं टॅग असलेल्या पॅकेटच्या हिशेबाने वाचलं जातं. पीपीपीओई (ग्राहकाला लॉगिन करून जोडणी देण्याची पद्धत) असेल तर 'पीपीपीओईएस अँड पोर्ट ५३'.

'यूडीपी पोर्ट ५३' असं कधीच लिहू नका. यूडीपी आणि टीसीपी या पॅकेटं नेण्याच्या दोन रीती. यूडीपीत न मावलेलं उत्तर टीसीपीवरून पुन्हा मागवलं जातं, ते सुटेल. मोठं उत्तर तुकड्यांत आलं तर दुसऱ्या तुकड्यावर पोर्टच नसतो, तो मात्र 'पोर्ट ५३' लिहूनही सुटतो.

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये खासगी डीएनएसची सोय आहे. ते सहसा ८५३ पोर्टवरून कूटबद्ध जातं. ब्राउझरचं एचटीटीपीएसवरचं डीएनएस ४४३ वरून. तिथलं नाव या साधनांनी वाचता येत नाही.

दिवसभर पकडायचं असेल तर टीसीपीडम्पला हायफन कॅपिटल सी १०० आणि हायफन कॅपिटल डब्ल्यू १० द्या. सुमारे १०० एमबीच्या दहा फाइल आलटून पालटून भरतील, डिस्क भरणार नाही. या फाइलमध्ये कोणत्या घरातून कोणती साइट विचारली ते उघड असतं. काम झालं की त्याच दिवशी पुसा, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवू नका.