तिरंदाज एकटा का, पाणकावळे घोळक्यानं का?

रविवारी डभोईजवळच्या वढवाणा तलावाच्या पाळीवरून तुम्हाला दोनेकशे पाणकावळे रांग धरून मासे हाकलत नेताना दिसले, आणि त्याच पाण्यात थोड्या अंतरावर एक तिरंदाज (लांब मानेचा पाणपक्षी) एकटाच बुड्या मारत होता. मिळून शिकार करणं एवढं फायद्याचं असेल तर तिरंदाज त्यांच्यात का जात नाही, वाघ टोळी का करत नाही, असा तुमचा प्रश्न. आणि जाता जाता दुसरा : पुढच्या खेपेला एकटं जावं की सोबतीनं? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो.

पहिल्या प्रश्नावर ‘एकीचं बळ’ म्हणून मोकळं होता येतं. मीही कित्येक वर्षं तसंच सांगायचो, शाळेतली मुलं बरोबर असली तर हमखास. पण त्यानं तिरंदाजाचं कोडं सुटत नाही. तेव्हा आधी दोघांच्या चोची बघा.

पाणकावळ्याची चोच टोकाला आकडीसारखी वळलेली. तो माशामागे पोहत सुटतो आणि त्याला चिमटीत धरतो. पाठलाग करणाऱ्याला बिथरलेला, दाटीत सापडलेला मासा हवाच असतो. शेजाऱ्याच्या तावडीतून निसटलेला थेट याच्या तोंडाशी येतो. तिरंदाजाची चोच सरळ, दाभणासारखी टोकदार. मानेला मध्ये एक बाक असतो, तो झटक्यात उलगडतो आणि मासा भोसकला जातो. पाण्याखाली तो पाठलाग जवळजवळ करतच नाही, सावकाश सरकत माशाच्या जवळ जातो. अशा दबा धरणाऱ्याला दोनशे जणांचा गलका काय कामाचा? सोबत त्याची शिकार बिघडवेल. (पुढच्या वेळी तो वर आल्यावर नीट बघा. चोचीत अडकलेला मासा हिसडा देऊन सोडवतो, वर उडवतो आणि डोक्याकडून गिळतो.)

वढवाण्यात हे दृश्य इतकं छान का दिसतं, तर तलाव मुळात शेतीसाठी बांधलेला, १९१० साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत. २०२१मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला तरी त्याचं पाणी अजून शेतालाच जातं. पातळी उतरली की मासे उथळ पाण्यात दाटतात आणि पाणकावळ्यांचा हाका, म्हणजे मासे हाकलत नेणं, सुरू होतो. काठावर उभे असलेले छोटे बगळे पाहिलेत का? हाका पाणकावळे घालतात, आणि उथळात पळून आलेले मासे बगळे टिपतात. फुकटे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझं खरं म्हणणं. एकटं की घोळक्यानं, हे शिकार मारताना ठरतं त्यापेक्षा ती खाताना जास्त ठरतं. पाणकावळ्यांना एकत्र येणं परवडतं, कारण त्यांच्यात वाटणीच नसते. ज्यानं धरला त्याचा मासा, एका घासात गिळला, संपलं. सांबराचं तसं नाही. मारलं की एकट्या वाघाला ते तीन-चार दिवस पुरतं. तो ते ओढून आडोशाला नेतो, पालापाचोळा लोटतो, जवळच पडून राहतो. बिबट्याला शेजारी दांडगे असले तर तो सावज झाडावर चढवतो. ज्याला साठवता येतं, राखता येतं, त्यानं वाटेकरी कशाला घ्यावेत? शिवाय झाडीतून दबकत अगदी जवळ जायचं तर पायांची एकच चौकडी बरी. गुजरातमधल्या जांबुघोड्याच्या जंगलात बिबटे आहेत हे ठाऊक असूनही मला इतक्या वर्षांत ठसेच दिसले, यातच काय ते आलं.

रानकुत्र्यांचं याच्या अगदी उलट. पेंचच्या जंगलात एकदा आमच्या जिप्सीसमोर आठ रानकुत्र्यांनी चितळाची मादी पाडली. मी घड्याळ लावलं होतं. अर्ध्या तासात हाडं आणि कातडं उरलं. गुरगुरणं नाही, भांडण नाही, नुसते लचके. एकेकाचं वजन पंधरा-वीस किलो. वाघ आला तर जागा सोडायची, हे त्यांना ठाऊक. राखता येत नाही म्हणून लवकर संपवायचं, आणि लवकर संपवायला तोंडं जास्त लागतात. म्हणजे त्यांची टोळी मारण्यासाठी आहे तितकीच चोरी व्हायच्या आत पोटात घालण्यासाठी आहे.

सगळ्यात मजेदार भानगड सिंहाची. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलरनं १९६६ ते ६९ या काळात आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत नोंदी केल्या. एकटी सिंहीण साधारण सहा प्रयत्नांत एकदा यशस्वी, दोघी किंवा अधिक असल्या की यश जवळपास दुप्पट. इथपर्यंत एकीचं बळ बरोबर. पण यश दुप्पट झालं आणि तोंडं पाच झाली, तर दर तोंडी काय पडलं? पुढे सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. रानम्हैस किंवा झेब्रा असला की सिंहिणी सगळ्या सरसावतात. वॉर्टहॉगसारखं (आफ्रिकेतलं एक रानडुक्कर) सोपं सावज असलं की एक धावते, बाकीच्या बसून बघतात आणि जेवायला येतात. आपले बगळेच की! मग कळप कशासाठी? पिल्लांना परक्या नरांपासून वाचवायला आणि इलाका राखायला, असं त्यांचं उत्तर. एकत्र शिकार हा त्या संसारातला एक भाग, मूळ कारण नव्हे.

आपल्या गीरमध्ये तर नर आणि माद्या बराचसा काळ वेगवेगळेच राहतात. तिथलं मुख्य रानटी सावज चितळ, रानम्हशीच्या मानानं चिमुकलं. आठ जणांच्या पंक्तीला ते कसं पुरावं?

बडोद्यात बसून चित्त्याबद्दल बोललो नाही तर पूर्वज रागावतील. गायकवाडांच्या पदरी शिकवलेले चित्ते होते. डोळ्यांवर झापड घातलेला चित्ता बैलगाडीतून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा, झापड काढायची, सोडायचा. दौड काही क्षणांची आणि एकट्याची. चित्त्यानं काळवीट पाडून गळा धरला की चित्तेवान धावत यायचा, सावजाचं रक्त लाकडी पळीत घेऊन त्याच्या तोंडाशी धरायचा आणि तेवढ्यात काळवीट काढून घ्यायचा. मारणारा एक, मालक दुसरा. जंगलात हेच काम सिंह आणि तरस करतात, कारण चित्ता वेगासाठी इतका हलका घडलाय की भांडण त्याला झेपत नाही. आफ्रिकेत बरेचसे नर चित्ते, बहुधा भाऊ, दोघं-तिघं मिळून राहतात. मादी पिल्लांखेरीज एकटीच. आपल्याकडचे मूळचे, शेवटचे मानले जाणारे तीन, तिघंही नर, १९४७मध्ये आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या राजानं एकाच रात्री मारले. सोबत होती, ती बंदुकीपुढे कामी आली नाही.

तर तुम्ही. तुमच्या हातात दुर्बीण आहे, म्हणजे सावज वाटून घ्यायचा प्रश्नच नाही. तरी मी म्हणेन, पहिले दोन हिवाळे सोबतीनं काढा. भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी आणि घार यांत गोंधळ झाला तर जागेवर सांगणारा कुणी हवा. घरी येऊन पुस्तकात बघितलं की मन हवं तेच वाचतं. दुसरं, मी एकदा जानेवारीत पहाटे एकटा होतो, पाळीच्या उतारावर पाय मुरगळला आणि फोन गाडीत. दीड-दोन तास तसाच बसलो, मग खालच्या शेतातला एक माणूस दिसला. त्या दोन तासांत चक्रवाक बदकांची एक जोडी मात्र हाताच्या अंतरावर म्हणावं इतकी जवळ येऊन गेली, ते इथं लिहिलं नाही तर खोटेपणा होईल.

सोबत म्हणजे दोघं, फार तर तिघं. गाडी भरून माणसं आणि शेवचिवड्याचे डबे निघाले की ती सहल होते. सहलीशी माझं वैर नाही, पण तलावावरच्या पट्टकदंब हंसांचं आहे.

येत्या शनिवारी मी आणि एक मित्र पहाटे सव्वापाचला दांडिया बाजारातून निघतोय. गाडीत एक जागा आहे. चहा डभोईला. पाळीवर पोचलो की मी डावीकडे जातो, मित्र मधेच दुर्बीण मांडून बसतो, तुम्ही उजवीकडे जा. नऊला गाडीपाशी भेटू. फोन खिशात ठेवा.