आईबाबा एकटे, कॉलनीत दोन घरफोड्या: आधी काय करायचं

साताऱ्यात सत्तरीपुढचे आईवडील बंगल्यात एकटेच, गेल्या महिन्यात कॉलनीत दोन घरफोड्या झाल्या आणि तेव्हापासून बाबा उशाशी कोयता घेऊन झोपतात. तो राहू द्यावा का, आणि उद्या चोराला लागलंच तर केस कुणावर होईल, असं तुम्ही विचारलंय.

कोयता आजच काढायला सांगा. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे रात्री अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरात भांडं पडलं. मांजर असेल म्हणून वडील काठी घेऊन गेले. आत दोघं होते. एकाने काठीच धरून हिसकली, वडील ओट्याच्या कडेवर आदळले आणि खुब्याचं हाड मोडलं. चोरांनी काय नेलं, तर डब्यातले चार हजार आणि एक मोबाइल. वडील पुढे कधीच आधाराशिवाय चालले नाहीत. झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं हत्यार समोरच्याच्या हातात जायला वेळ लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोयता असता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घर फोडून आत शिरला, तर कलम ४१ नुसार हा हक्क प्रसंगी त्याचा जीव जाण्यापर्यंत पोचू शकतो. पण ३७ वं कलमही सोबत वाचावं लागतं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. अंगावर आलेल्या माणसाने प्रत्येक फटका मोजूनमापून द्यावा अशी अपेक्षा धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात म्हटलंय, तेव्हा बाबांनी धास्ती घेऊ नये. मात्र चोर कंपाउंडवरून उडी मारून पळतोय आणि मागून वार केला, तर तो बचाव होता हे कोर्टाला पटवणं फार जड जातं.

खरं काम दारावर आहे. पेपरात रोज वाचतो ना, 'कडी-कोयंडा उचकटून'? आमचा कोयंडा उचकटलेला मी हातात घेऊन पाहिला. वर जाडजूड पितळ आणि खाली अर्ध्या इंचाचे चार स्क्रू. चौकटीचं लाकूड वाळवीने पोकळ झालेलं, कटावणीच्या एका हिसक्यात सगळं बाहेर. तेव्हा कुलपाची किंमत विचारण्याआधी सुताराला बोलवा. चौकट ठोकून बघायला सांगा, आणि कोयंड्याला आरपार बोल्ट मारून घ्या, आतून नटाने आवळलेले. आतल्या बाजूने आडवा अडसर बसवा. जुन्या वाड्यांच्या दारांना असायचा तसाच, लोखंडी चालेल. आणि मागचं दार विसरू नका. सगळी मजबुती पुढच्या दाराला आणि मोरीकडच्या दाराला नुसती कडी, असं निम्म्या घरांत असतं. सरकत्या खिडकीच्या खाचेत मापाचा लाकडी दांडा आडवा टाकला की बाहेरून ती सरकत नाही. खर्च शून्य.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. चोरटे घर फोडण्याआधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आरडाओरडा ऐकून कुणी धावूच शकत नाही. बाहेरची कडी काढून टाका, किंवा ती लागणार नाही अशा बेताने रात्री तिच्यात कुलूप अडकवून ठेवा. शेजाऱ्यांनाही करायला लावा, त्यातच तुमच्या आईबाबांची मदत आहे.

कॅमेरे लावा, पण ते चोर अडवत नाहीत. अंगणात हालचालीवर पेटणारा दिवा त्याहून उपयोगी. मिरपुडीचा स्प्रे बाबांना हवाच असेल तर ठेवू द्या, परवाना लागत नाही. फक्त बंद खोलीत मारला की आपलेच डोळे आधी जातात हे सांगून ठेवा.

झोपायच्या खोलीच्या दाराला आतून भक्कम बोल्ट बसवा. रात्री आवाज आला की दोघांनी खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. बोल्ट लावायचा, दिवा लावायचा, ११२ फिरवायचा आणि खिडकीतून शेजाऱ्यांना नावाने हाका मारायच्या. घर सापडण्याची खूण, म्हणजे कुठलं देऊळ, कितवा बंगला, मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाशी चिकटवा. घाबरल्यावर स्वतःचा पत्ताही आठवत नाही. त्या खोलीच्या ग्रिलला आतून उघडणारा भाग असू द्या आणि त्याची किल्ली खिळ्याला टांगा, आग लागली तर तीच वाट. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात होते, तीही करून या.

आईचा फोन रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला असतो का, ते विचारा. आमच्याकडे तिथेच होता, आणि चोरांनी नेला तो तोच.