राउटर टेबल: विकत घ्यावं, घरी करावं की सध्या थांबावं?

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्या वाचकांचे राउटर टेबलाबद्दलचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं. राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने, म्हणजे बिटाने, लाकडात खाचा आणि गोलाई पाडणारं यंत्र; ट्रिमर हा त्याचा लहान भाऊ. बिटाचा दांडा ज्यात पकडला जातो ते कॉलेट. राउटर टेबलात यंत्र एका प्लेटला लावून पाटाखाली उलटं टांगतात, बिट वर येतं आणि लाकूड त्यावरून सरकवतात.

माझ्याकडे ५५० वॅटचा, ६ मिमी कॉलेटचा ट्रिमर आहे. काम फ्लॅटच्या गॅलरीत चालतं. मोठं टेबल घेऊन त्याला ट्रिमरच लावला तर चालेल का? (डोंबिवली)

लावता येईल, पण पैसे वाया जातील. मोठ्या टेबलाची प्लेट ८ ते १० मिमी जाडीची असते. ट्रिमरची पोहोच मुळातच कमी, त्यातली बरीचशी ही प्लेटच खाते आणि बिट वर जेमतेम डोकावतं. ट्रिमरसाठी १८ मिमी प्लायचा ४०० × ५०० मिमीचा तुकडा घ्या, मधे खाच पाडून ६ मिमी पॉलिकार्बोनेटची प्लेट बसवा आणि कामाच्या वेळी ही फळी बाकाला दोन क्लॅम्पनी आवळा. काम संपलं की भिंतीला टेकवून ठेवा. अ‍ॅक्रिलिक शक्यतो नको. थरथरीने त्याला स्क्रूपाशी तडे जातात. प्लेटला भोकं पाडताना ट्रिमरचा मूळ तळच साचा म्हणून वापरा. मूळ स्क्रू आखूड पडले तर त्याच आट्यांचे लांब स्क्रू आणा.

यावर कडांची ३ ते ६ मिमी गोलाई, ६ मिमीची खाच, लॅमिनेटची कड एवढी कामं नीट होतात. खाच एका दमात पाडायची नाही, दर फेरीला २-३ मिमीच उतरा. २५ मिमीपेक्षा मोठ्या व्यासाचं बिट ट्रिमरला लावूच नका.

१६५० वॅटचा राउटर घेतला आहे. तयार अ‍ॅल्युमिनियम टेबल घेऊ की स्वतः बनवू? (नाशिक)

स्वतः बनवा, हे आमचं स्पष्ट मत. तयार टेबलाच्या किमतीतला मोठा वाटा खाचा, मोजपट्ट्या आणि रंगीत नॉब यांचा असतो. टेबलाला खरं तर दोनच गोष्टी लागतात: सपाट पाट आणि सरळ फेन्स (लाकूड जिला टेकवून सरकवायचं ती उभी पट्टी). स्वस्त अ‍ॅल्युमिनियमच्या पाटाला बहुधा लांब फासळ्या असतात, त्यांत भुसा अडकतो आणि लाकूड अडखळत सरकतं. बिडाचा पाट उत्तम, पण जड, महाग आणि गंजणारा.

घरी करताना पाट ८०० × ६०० मिमीचा धरा. १८ मिमीच्या बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवा आणि वर-खाली दोन्ही बाजूंना १ मिमी सनमायका लावा. खालची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून ती सोडू नका, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात येईल. प्लेटसाठी पाटात पायरी पाडावी लागते. ती प्लेटच्या जाडीपेक्षा १ मिमी जास्त खोल ठेवा आणि कोपऱ्यांत खालून स्क्रू द्या. ते फिरवून प्लेट पाटाशी एका पातळीत आणता येते. ती केसभर जरी वर राहिली, तर लाकडाचं टोक दरवेळी तिथे ठेचकाळतं.

टेबलाची उंची ८५० ते ९०० मिमी ठेवा. पाट सपाट आहे का, हे दोन फुटी स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून पाहा. खालून झेरॉक्सचा एक कागद सरकला तर चालेल, तीन कागद सरकत असतील तर पाट दुरुस्त करा. मधला खोलगटपणा फुगवट्यापेक्षा वाईट असतो. खोलगट जागेवरून लांब पट्टी पुलासारखी जाते आणि खाच मधेच उथळ होते. फुगवट्यावर पट्टी दाबून धरली की निदान बिटपाशी तरी ती टेकते.

एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं) टेबल केलं होतं. एका पावसाळ्यात ते मधे खचलं. काय चुकलं? (चिपळूण)

बहुधा सनमायका फक्त वरून लावला असेल. खालची उघडी बाजू ओल पिऊन फुगते, वरची फुगत नाही. खालची लांबी वाढली की कडा वर उचलल्या जातात आणि मध्य खाली राहतो. त्यात पाच-सहा किलोचा राउटर रात्रंदिवस लटकलेला. प्लेटसाठी कापलेल्या भोकाच्या कच्च्या कडांमधूनही पाणी शिरतं, त्या पॉलिश किंवा फेविकॉल चोपडून बंद कराव्या लागतात.

पाट टाकून देऊ नका. भोकाच्या दोन्ही बाजूंना खालून ४० × ४० × ५ मिमीचा लोखंडी अँगल स्क्रूने आवळा. अँगल आधी पट्टीला लावून पाहा. बाजारातले बरेच वाकडे असतात. पाट ओढला जाऊन सरळ झाला तर ठीक. फुगून त्याचे थर सुटले असतील तर मात्र दुसरा करणंच बरं, आणि कोकणात तो प्लायचाच करा. काम नसेल तेव्हा राउटर प्लेटसकट उचलून ठेवायची सवय लावा.

फेन्स बिटाला समांतर कशी बसवायची? आणि मायटरची खाच (पाटातली, कोनाची सरकती पट्टी चालवायची) हवीच का? (पुणे)

समांतर बसवायचीच नसते. बिट गोल आहे, त्यामुळे फेन्स तिरकी झाली तरी बिटापासूनचं अंतर तेवढंच मोजायचं. एक टोक घट्ट, दुसरं सैल ठेवा आणि सैल टोक हलवून जुळवा. हे टोक १ मिमी सरकलं की बिटपाशी साधारण अर्धा मिमी सरकतं, म्हणजे बारीक जुळवणी फुकटात होते. फेन्स सरळ आणि पाटाशी काटकोनात हवी, तेवढं गुण्याने तपासा.

हा फायदा मायटरच्या खाचेने जातो, कारण मग फेन्स खाचेला समांतर ठेवावीच लागते. खाच पाडू नका. पट्टीची टोकं कापताना मागे काटकोनी फळकुट धरून फेन्सच्या आधाराने ढकला. त्यानेच मागच्या कडेच्या कपच्या उडायच्याही थांबतात.

जाता जाता: फेन्सच्या डाव्या अर्ध्या भागावर १ मिमी सनमायकाचा तुकडा चिकटवा आणि सरळ बिट त्या तुकड्याच्या पातळीत आणा. झालं कड रंधायचं यंत्र.

पट्टीची रुंदी कमी करायला ती फेन्स आणि बिटाच्या मधून घातली. हातातून सुटून भिंतीवर आदळली. (कोल्हापूर)

असं कधीही करू नका. राउटर उलटा टांगलेला असल्याने वरून पाहताना बिट घड्याळाच्या उलट फिरतं. फेन्स बिटामागे असताना लाकूड उजवीकडून डावीकडे द्यायचं. तेव्हा बिटाची पुढची बाजू लाकडाला मागे रेटते आणि ताबा आपल्याकडे राहतो. लाकूड फेन्स आणि बिटाच्या मधे शिरलं की कापणारी बाजू बदलते आणि बिट ते स्वतःच ओढून फेकतं. रुंदी कमी करायचं काम करवतीचं.

बेअरिंगच्या (टोकाशी कडेवर टेकून फिरणारी चकती असलेल्या) बिटाने फेन्सशिवाय गोल तुकडा घडवताना प्लेटमध्ये टेकण-पिन हवी. आधी पिनेला टेका, मग हळूच बिटाकडे वळा.

राउटर टेबलावर ८० मिमीचं पॅनेल-बिट (दाराच्या पॅनेलच्या कडेला उतार पाडणारं) लावून सागवानी दारं करता येतील का? राउटरची गती मिनिटाला २२,००० फेरे, कमी-जास्त होत नाही. पंख्याचा रेग्युलेटर जोडून ती कमी करावी का? (सांगली)

नाही. ८० मिमी बिटाची धार २२,००० फेऱ्यांना ताशी ३३० किलोमीटरच्या वर धावते. एवढ्या बिटाला १०-१२ हजार फेरे पुरतात. पंख्याचा रेग्युलेटर जोडायची कल्पना सोडून द्या. टेबलासाठी राउटर घ्यायचाच असेल तर गती बदलणारा घ्या. लिफ्टपेक्षा (राउटर वर-खाली करायच्या यंत्रणेपेक्षा) आधी यावर पैसे घाला. तोवर पॅनेलचा उतार रंध्याने मारा. सागवानावर तो सुरेख बसतो.

वीज वारंवार जाते. वेगळा स्विच हवा का? (जळगाव)

हवाच. टेबलाखाली राउटरचा स्वतःचा स्विच कायम चालू ठेवलेला असतो. वीज गेली, तुम्ही बिट बदलायला हात घातला आणि वीज आली, तर काय होईल ते सांगायला नको. पाटाच्या पुढच्या कडेला नो-व्होल्ट स्विच बसवा. वीज परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत तो बंदच राहतो. तरीही बिट बदलताना प्लग काढायचाच. १६५० वॅटचा राउटर सात अ‍ॅम्पियरपेक्षा जास्त खेचतो, म्हणून १६ अ‍ॅम्पियरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग द्या.

भाऊ अमेरिकेहून राउटर आणतोय. इथे चालेल? (ठाणे)

तो १२० व्होल्टचा असेल. १६०० वॅटच्या राउटरला ३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागेल, तो जड आणि महाग. शिवाय त्याचे कॉलेट इंची, म्हणजे दोन सूत (पाव इंच) आणि चार सूत (अर्धा इंच). चार सूत म्हणजे १२.७ मिमी. आपल्याकडे १२ मिमी दांड्याचीही बिटं मिळतात. तसलं बिट चार सुती कॉलेटात आवळलं तरी नीट पकडलं जात नाही, कापताना हळूहळू वर सरकतं. दोन सुती आणि ६ मिमीचंही तेच. भावाला राउटरऐवजी बिटं आणायला सांगा, पण आधी आपल्या कॉलेटावरचं माप वाचून कळवा.